जुन्या रेशमी-लोकरी कपड्यांपासून नवे कपडे: खरंच चांगलं आहे का, आणि आपल्या गावात जमेल का?

तुम्ही विचारलंय की काश्मिरी लोकर, रेशीम असल्या महागड्या धाग्यांचे जुने कपडे मोडून त्यातून पुन्हा कपडे करतात, ते निसर्गासाठी खरंच बरं असतं की नुसती जाहिरात असते? आणि यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या गावात, बचत गटाच्या दहा बायकांना घेऊन, असलं काही उभं राहू शकतं का?

मी भंडारा जिल्ह्यातली. सासर कोष्ट्याचं, घरात दोन माग, त्यातला एक अजून चालतो. गेली सहा वर्षं आम्ही सातजणी जुन्या कोसा साड्या (कोसा म्हणजे रानातल्या झाडांवरच्या किड्यांचं टसर रेशीम) आणि कोशाचा उरलेला माल यांपासून जाकिटं, स्टोल आणि पिशव्या करतो. म्हणून हा प्रश्न पाहिल्यावर लिहायला बसले.

आधी सरळ उत्तर देते. हो, चांगलं आहे, आणि हो, गावात जमेल. पण जुनं कापड जितकं कमी मोडाल तितकं ते काम खरं. कापड कापड म्हणूनच वापरता आलं तर सगळ्यात उत्तम. ते जमलं नाही तर त्याच्या पट्ट्या करा. पिंजून, कापसासारखं मोकळं करून पुन्हा सूत काढणं हा अगदी शेवटचा उपाय. आम्ही हे उलट्या क्रमानं शिकलो आणि त्यात पैसे घालवले.

धाग्याचं सगळं मोल त्याच्या लांबीत असतं. रेशमाचा किडा कोष विणतो तेव्हा शेकडो मीटरचा एकच सलग तंतू सोडतो. म्हणून रेशीम चमकतं आणि इतकं बारीक असून ताण सहन करतं. काश्मिरी लोकर म्हणजे बकरीच्या राठ केसांच्या खालची मऊ लव. ती मुळातच तीन-चार सेंटिमीटरची असते. आता हे कापड दात्यांच्या यंत्रात घालून फाडलं की तंतू ठिकठिकाणी तुटतात. रंग तोच राहतो, मऊपणाही बराचसा राहतो, पण लांबी जाते. आखूड तंतूंचं सूत कच्चं निघतं, घासलं की त्यातून टोकं बाहेर येतात आणि कापडावर गोळे धरतात. म्हणून असं सूत करणारे कारखाने त्यात काही नवी लोकर किंवा दुसरा मजबूत धागा मिसळतात. यात फसवणूक काही नाही, फक्त ते लेबलवर लिहिलेलं असावं.

हा उद्योग नवा नाही. इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ नावाच्या माणसानं 1813 च्या सुमारास लोकरी चिंध्या फाडून त्यात नवी लोकर मिसळून कापड काढलं. इटलीतल्या प्रातो शहरात दीडशेहून जास्त वर्षं हेच चाललंय. तिथले जुने कारागीर चिंध्या हाताळूनच सांगतात की ही काश्मिरी, ही साधी लोकर, हिच्यात नायलॉन आहे. मग ते चिंध्या रंगानुसार वेगळ्या करतात. निळ्याचं निळं सूत, तपकिरीचं तपकिरी, म्हणजे पुन्हा रंगवायची गरज फारशी उरत नाही. रंगकामाचं पाणी, रसायन, उष्णता हे सगळं वाचतं. माझ्या मते या धंद्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच आहे, आणि जाहिरातीत तिचा उल्लेख क्वचितच सापडतो. आपल्या देशात हेच काम पानिपतला चालतं. परदेशातून जुने लोकरी कपडे मुद्दाम कापून, फाडून येतात, म्हणजे ते तसेच विकता येऊ नयेत. तिथं त्याची ब्लँकेटं होतात.

काश्मिरीच्या बाबतीत तर पुनर्वापराला मोठा अर्थ आहे. एका बकरीपासून वर्षाला साफ केलेली लव दीड-दोनशे ग्रॅम मिळते, कधी त्याहूनही कमी. एका स्वेटरला तीन-चार बकऱ्यांची वर्षभराची लव लागते. मागणी वाढली तशा मंगोलियात बकऱ्या वाढल्या आणि तिथल्या गवताळ रानावर त्याचा भार पडला. म्हणून एक जुना काश्मिरी स्वेटर पुन्हा वापरात आला तर तेवढ्या बकऱ्यांचं चरणं वाचतं. पण तुमच्या-माझ्या गावात काश्मिरी स्वेटर कुणाच्या पेटीत आहे? आपल्याकडे आहे कोसा, लग्नातल्या रेशमी साड्या आणि कापूस. पुनर्वापराची वस्तू जवळची असली तरच त्यात दम आहे. दिल्लीहून चिंध्यांचं पोतं मागवायचं आणि विणून पुन्हा दिल्लीला पाठवायचं, यात मला काही हशील दिसत नाही.

आता कोशाचं सांगते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात येन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडे पाळतात. हे काम पिढ्यान्‌पिढ्या मुख्यतः ढिवर समाजाच्या हातात आहे. कोष अंड्याएवढा, कडक, देठानं फांदीला लटकलेला. यातले चांगले कोष सोडा घातलेल्या पाण्यात उकळून त्यांचा सलग धागा काढतात. पण बियाण्यासाठी ठेवलेल्या कोषातून पाखरू जिवंत बाहेर पडतं. ते तोंडातून एक द्रव सोडून कोषाचं टोक मऊ करतं आणि तंतू बाजूला सारत निघून जातं. अशा भोकाच्या कोषाचा सलग धागा निघत नाही. धागा काढताना उरलेला गुंता, देठ, आतलं कवच हेही उरतंच. आमच्याकडच्या बायकांनी यातलं काही कधी फेकलं नाही. भोकाच्या कोषातून हातानं ओढून जो जाडसर, गाठीगाठींचा धागा काढतात त्याला घिचा म्हणतात.

माझ्या सासूबाई आजही घिचा काढतात. शिजवलेला कोष उलट्या मडक्यावर टोपीसारखा बसवतात, डाव्या हातानं तंतू मोकळे करत उजव्या हातानं ओढतात. हात सारखा ओला ठेवावा लागतो, नाहीतर तंतू बोटांना चिकटतात. पूर्वी याच बायका सलग धागासुद्धा उघड्या मांडीवर वळून काढत. त्यानं मांडीची साल जायची, जखमा व्हायच्या. सासूबाईंच्या मांडीवर तो घट्टा अजून आहे. केंद्रीय रेशीम मंडळानं आता त्यासाठी ‘बुनियाद’ नावाचं यंत्र आणलंय, 2019 पासून ते बायकांना मिळू लागलं. टिकाऊ कपड्याबद्दल बोलताना पाणी आणि कार्बन सगळे मोजतात. ही मांडीसुद्धा मोजा, एवढंच माझं मागणं आहे.

आणि एक गोष्ट मी गिऱ्हाइकाला नेहमी सांगते. घिच्याला ‘रिसायकल’ म्हणून विकू नका. तो कोशाच्या धंद्यातला जोडमाल आहे, तो आधीपासूनच वापरला जात होता. जे फेकलंच जात नव्हतं ते वाचवल्याचं श्रेय आपण घेऊ नये. नुसतं ‘घिचा, हातानं काढलेला’ एवढं लिहिलं तरी कळणारा माणूस घेतो.

आमची चूक कुठे झाली ते सांगते. पहिल्या वर्षी आम्हाला वाटलं, पुनर्वापर म्हणजे सूत. मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून ‘जुन्या साड्यांच्या रेशमाचं सूत’ म्हणून पाच किलो माल मागवला. लड्या इतक्या सुंदर, राणी, मोरपंखी, हळदी, की आम्ही सातजणी त्यांच्याभोवती बसून नुसत्या पाहत होतो. सासूबाईंनी एक टोक तोडलं, चुलीतल्या निखाऱ्याला लावलं आणि नाकाशी धरलं.

“हा रेशीम नोहे बाई. कागद जरल्यावानी वास येते याचा.”

बरोबर होतं त्यांचं. तो व्हिस्कोस होता, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. साडीशी त्याचा काही संबंध नव्हता. ही परीक्षा तुम्हीही शिकून घ्या, चिमट्यात धरलेला चार बोटं धागा आणि एक काडी एवढंच लागतं. रेशीम आणि लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की जळणं लवकर थांबतं आणि मागे काळी राख राहते. ती बोटांत चुरली की भुकटी होते. कापूस आणि व्हिस्कोस भडकन पेटतात, कागदाचा वास येतो, राख करडी, हलकी. पॉलिस्टर वितळतं, थेंब गळतो आणि गार झाल्यावर टणक मणी बनतो, जो चुरता येत नाही. मणी आणि राख दोन्ही दिसलं तर समजा मिश्रण आहे. परीक्षा मोकळ्या अंगणात, पाण्याची वाटी शेजारी ठेवून करा.

दुसऱ्या वर्षी आम्ही खरं रेशीम घेतलं. स्वतःच्या शिलाईतली आणि आसपासच्या मागांवरची कोशाची कात्रणं गोळा केली, बाहेर पिंजून सूत करून आणलं आणि त्याचे स्टोल विणले. पहिल्या दिवशी हातात घेतले तेव्हा लोण्यासारखे लागले. महिनाभरानं नागपूरच्या एका ताईंनी त्यांचा स्टोल परत आणून दिला. खांद्याची पर्स जिथं घासते तिथं पूर्ण पट्टा गोळ्यांनी भरला होता. त्या रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, “तुम्ही टिकाऊ म्हणून दिला होता ना?” मी पैसे परत केले. तेव्हापासून आमच्या गटानं पिंजणं बंद केलं.

मग आमचं लक्ष भांडेवाल्या बायांकडे गेलं. आपल्याकडे दारोदार फिरून जुन्या कपड्यांवर स्टीलचा गंज म्हणजे पातेलं, डबा, परात देतात त्या. सणाआधी पेट्या उघडल्या की आजीच्या कोसा साड्या, करवती म्हणजे दातेरी किनारीची पातळं, घडीवर चिरलेली, त्या एका गंजावर जातात. ज्या साडीचा धागा रानातल्या झाडावरून आला, बाईनं मांडीवर वळला, कोष्ट्यानं तीन धोट्यांनी किनार विणली, तिची किंमत एक गंज. मला हे बघवत नाही, आजही. आम्ही त्या बायांशीच बोललो. आता त्या आमच्यासाठी कोसा आणि रेशीम वेगळं काढतात आणि साडीमागे आम्ही त्यांना दीडशे रुपये देतो.

साडी आली की तिला रिठ्याच्या कोमट पाण्यात बुडवून सावलीत वाळवतो. उन्हात कधीच नाही, उन्हानं रेशीम पिवळं पडतं आणि ठिसूळ होतं. मग दोघी दोन टोकं धरून ती खिडकीसमोर उजेडात पसरतात. चाळणीसारखे ठिपके दिसले की तिथं धागा विरलाय. घडीच्या रेषा, खांद्यावरचा भाग, काखेतल्या घामाची जागा, खालचा घोळ हे बहुधा गेलेलं असतं. निऱ्यांच्या आतला आणि कमरेला खोचलेला भाग पुष्कळदा नव्यासारखा निघतो. सरासरी अर्धी साडी वापरता येते.

चांगला भाग मोठा असेल तर त्याला हात लावत नाही, सरळ जाकिटाचं अस्तर किंवा उशीचा अभ्रा. लहान असेल तर पट्ट्या. पट्टी कात्रीनं कापायची नाही. कात्रीनं टोकाला फक्त खाच द्यायची आणि पुढे हातानं फाडत जायचं, बोटभर रुंद, साडीच्या लांबीनं. फाडलेली पट्टी धाग्याला धरून सरळ जाते. शिवाय फाडताना आपोआप परीक्षा होते. जिथं रेशीम कुजलंय तिथं ती आडवी तुटते आणि तो तुकडा बाजूला पडतो. फाडण्याचा आवाजही कळायला लागतो, चांगला कोसा करकरीत फाटतो, विरलेला नुसता सुटतो.

करवती किनार असेल तर ती आधी वेगळी करतो. ही किनार सुती असते, अंग कोशाचं. दोन्हींचे आडवे धागे एकमेकांत अडकवून ते करवतीचे दाते तयार होतात, त्यामुळे उलटसुलट दोन्हीकडून सारखी दिसते. किनारीसोबत कोशाचं दोन बोटं कापड ठेवलं नाही तर दाते उसवतात. हे एका छान किनारीची वाट लावल्यावर कळलं. आता ती किनार जाकिटाच्या गळ्याला लागते आणि गिऱ्हाईक आधी तिच्यावरच हात फिरवतं.

पट्ट्या जोडून गोळे करायचे आणि दुहेरी सुती ताण्यावर (उभ्या धाग्यांवर) बाणा (आडवा धागा) म्हणून विणायचं. फणी मोकळी लागते, ठोका हलका. कापड जाड, वजनदार होतं, कोशाचा सोनेरी-मातकट रंग त्यात उमटतो, ब्लीच नाही, रंग नाही. कुणाला रंग हवाच असेल तर फागुनात गोळा करून वाळवलेली पळसाची फुलं आणि तुरटी, नाहीतर डाळिंबाची साल. वर्ध्याच्या मगन संग्रहालयात नैसर्गिक रंगांचं काम अनेक वर्षं चालू आहे. तुम्हाला यवतमाळहून ते जवळ पडेल, एकदा जाऊन बघाच.

हिशोब विचारला नाहीत, पण सांगते, कारण गट त्यावरच टिकतो किंवा मोडतो. एका जाकिटाला दीड-दोन साड्या आणि धुण्यापासून काजं-बटणांपर्यंत पाच दिवसांचं काम जातं. आम्ही ते अडीच हजाराला विकतो. दिवसाला साडेतीनशेप्रमाणे मजुरी साडेसतराशे, साड्यांचे तीनशे, सूत-अस्तर-बटणं साडेतीनशे. उरतात शंभर, ते वीज आणि ये-जा करण्यात जातात. म्हणजे नफा नाही, मजुरी आहे. पण ती बाराही महिने आहे आणि घरापासून दोनशे पावलांवर आहे. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या आमच्या गटातल्या दोघींना त्यात फरक वाटतो. नफा हवा असेल तर पिशव्या आणि उरलेल्या तुकड्यांची गोधडी. गोधडीला शहरात चांगला भाव येतो.

लेबलचंही एक. ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड नावाचं प्रमाणपत्र असतं. त्याचा शिक्का कपड्यावर लावायचा तर निदान 50 टक्के माल पुनर्वापराचा लागतो आणि तो कुठून आला याची कागदोपत्री साखळी लागते. आपल्यासारख्या गटाला तो खर्च परवडत नाही, आणि त्याशिवायही विक्री होते. आम्ही एका चिठ्ठीवर हातानं लिहितो: ताणा नवा सुती, बाणा जुन्या कोसा साडीचा, किनार अमुक गावच्या साडीची, शिवणारीचं नाव. त्यात ‘शंभर टक्के’ हा शब्द नसतो, कारण ताणा नवा आहे. तुम्ही दुकानातून असला कपडा घेताना मात्र लेबल नीट वाचा. ‘पुनर्वापर’ लिहिलंय पण किती टक्के आणि बाकी काय, हे लिहिलं नसेल तर विचारा. बाकीच्यात पॉलिस्टर किंवा लायक्रा असेल तर तो कपडा पुढच्या वेळी मोडून सूत काढणं फारच अवघड होतं, म्हणजे त्याचा हा शेवटचा जन्म.

तुमच्या भागात कोसा कमी मिळेल. म्हणून सुरुवात कोशानं करू नका. लग्नाच्या रेशमी साड्या येतील, त्यात पॉलिस्टर भरपूर मिसळलेलं निघेल, काडी हाताशी ठेवा. जरीची साडी असेल तर आधी बघून घ्या, खरी चांदीची जर असली तर भंगारवाला ती जाळून चांदी काढायला नेतो, त्याच्यापेक्षा चार पैसे जास्त द्या आणि साडी वाचवा. आणि सुती धोतरं, लुगडी सोडू नका. जुनं मऊ सुती कापड अस्तराला जे बसतं ते नवीन कधीच बसत नाही.

यंत्र घेऊ नका. कुणी पिंजण्याचं यंत्र अनुदानात देतो म्हणालं तरी पहिली दोन वर्षं नको. एक महिना फक्त गोळा करा, धुवा, उजेडात धरा आणि तीन ढीग लावा: जसंच्या तसं वापरण्याजोगं, पट्ट्यांचं, आणि बाकी. तिन्ही ढीग तराजूवर तोला आणि वहीत लिहा. पहिला आणि दुसरा ढीग मिळून निम्म्याहून जास्त भरला तर माग शोधा, नसेल तर गोधडीवरच काम सुरू करा. आमच्याकडे यायचं असेल तर दिवाळीनंतर या. तेव्हा नवे कोष येतात, सासूबाईंचं मडकं मांडलेलं असतं आणि त्या शिकवायला कधी नाही म्हणत नाहीत. येताना तुमच्या गावातली एक जुनी साडी सोबत आणा, ती कशी फाडायची ते हातात धरूनच दाखवता येईल.